मैदानाखालचा काळा थर

गुरुजी,

मी तुमचा विद्यार्थी. वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय पंचावन्न, नागपूरलगतच्या वाडीतल्या एका मालवाहतूक कंपनीत हिशेब विभागाचा प्रमुख, आणि आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचा सचिव. नाव लिहीत नाही. तुम्ही मला नावाने फारसे कधी बोलावले नाही, आणि ज्या नावाने बोलावत होतात ते आज स्वतःला लावून घेण्याचा धीर होत नाही. पत्राचे कारण थोडक्यात असे : गेल्या सोमवारपासून आपल्या शाळेचे मैदान खणले जात आहे. वरचा तांबडा मुरूम बाजूला काढतात, त्याखालचा काळा थर पाणी मारून ओला करतात, उचलतात आणि ताडपत्रीखाली झाकून ट्रकने नेतात. तो थर तुम्ही टाकून घेतला होता. तो तिथे आहे हे अधिकाऱ्यांना मी सांगितले. पण त्याआधी, भर सभेत, तो तिथे नाही असा समजही मीच करून दिला होता. या दोन्ही गोष्टी तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नयेत एवढ्यासाठी लिहीत आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षे झाली. तेव्हा दुसरे कोणी तुम्हाला काही कळवील ही भीती निरर्थक आहे, हे मला समजते. तरी लिहितो.

तुम्ही आमच्या गावात बदलून आलात तेव्हा मी चौथीत होतो. गाव मँगनीजच्या खदानीच्या पायथ्याशी. खनिज फोडून, धुऊन, चाळून चांगला माल मालगाडीने निघून जाई आणि मागे बारीक काळा चुरा उरे. त्याच्या टेकड्या गावाच्या वरच्या अंगाला वाढत होत्या. खाली आमची काळी, कसदार जमीन. पावसाळ्यात ती पोटरीपर्यंत गिळायची. शाळेत येताना चपला हातात असत आणि पाय खरवडायला ओट्याच्या कडेला एक फुटके कौल ठेवलेले असे. खरूज, जुलाब, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, हे आम्हाला ऋतूसारखेच वाटे. तुम्ही पहिल्याच आठवड्यात खराटा घेऊन गल्लीत उतरलात. मास्तर झाडतो आहे हे पाहायला लोक आपापल्या ओट्यांवर येऊन बसले. कोणीतरी विचारले, "काहून गुरुजी, पगार कमी पडून राहिला का?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पगार बरोबर हाय. तुम्ही वाटेत बसून राहिले, जरा सरका." दोनेक महिन्यांत त्याच ओट्यांवरची माणसे खराटे घेऊन तुमच्या मागे चालत होती.

चिखलावरचा उपायही तुम्हीच शोधलात. खदानीच्या साहेबाला भेटून तुम्ही तो चुरा मागितला. त्याला तो नकोच होता. टेकडी जितकी कमी होईल तितके त्याला बरे. मग रविवारचे श्रमदान सुरू झाले. गावातल्या बैलबंड्या टेकडीवरून भरून येत आणि आम्ही मुले रांगेत उभे राहून घमेली एकमेकांच्या हाती देत असू. आधी शाळेचे मैदान, मग विहिरीकडची गल्ली, मग समाजमंदिरापुढची जागा. आणि ते पाहून लोकांनी आपापली अंगणेही भरून घेतली. चुरा ओला करून चोपला की दगडासारखा बसे आणि उन्हात त्यावर निळसर झाक येई. नव्याने नांदायला आलेल्या सुना विचारत, इथल्या गल्ल्या डांबरी आहेत का? पुढच्या पावसाळ्यात आपल्या मैदानावर पाणी थांबले नाही. तालुक्याचे साहेब पाहायला आले, स्वच्छ गाव म्हणून बक्षीस मिळाले, आणि त्या वर्षी कोणाच्याही पायाला चिखल्या झाल्या नाहीत. हे मी आवर्जून लिहितो, कारण हेही खरे आहे.

बाकीच्या मुलांना घमेली आणि फावडी मिळाली. मला तुम्ही खुंट्या, दोरी आणि पाणी भरलेली नळी दिलीत. मैदानाला उतार कुठून कुठे द्यायचा, दोरी कुठे ताणायची, नळीतले पाणी दोन्हीकडे कुठवर चढते ते कसे वाचायचे, हे शिकवलेत. "ओव्हरसियर साहेब, जरा पास करा आमचं काम," असे तुम्ही लांबून ओरडायचात, आणि मी गंभीर चेहऱ्याने वाकून पाहायचो आणि एखादे घमेले परत उचलायला लावायचो. मोठी मुले चिडत. तुम्ही म्हणायचात, "साहेबाले खपत नाही म्हणजे नाही." टेबलावर तिरका ठेवलेला कागद मला आजही खपत नाही. माझ्या हाताखालची मुले त्यावरून माझ्या मागे हसतात, हेही मला ठाऊक आहे.

काम संपले की आम्ही तुमच्या घरी. ते स्वयंपाकघर मला आत्ता दिसते. काकू चुलीपुढे बसून पोहे परतत आहेत, शेजारी तर्रीला उकळी आली आहे, तुमची मुलगी गंगाळातले पाणी तांब्याने आमच्या हातांवर ओतते आहे. ती आमच्याहून चार वर्षांनी मोठी, आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. तुम्ही दारात उभे. "कोपरापर्यंत धुवा रे पोट्टेहो. नखं दाखवा. हे काय? नखात खदान घेऊन जेवाले बसतं काय रे?" पाणी काळे होऊन न्हाणीतून परसात जाते आणि परसातल्या वांग्यांना मिळते. त्या वांग्यांची भाजी आम्ही पुढच्या रविवारी खातो. ताई आमच्यातल्या एकाच्या नाकावर ओल्या हाताने टपली मारते, तो आरडाओरडा करतो, काकू हसता हसता खोकतात. त्या घरात कोणालाच काही माहीत नाही.

तुम्ही मला रागावलात ते एकदाच. आमच्या दारातला कचरा लोटत नेऊन मी शेजारच्या गल्लीच्या कोपऱ्यावर ठेवला होता, तुमचे तिकडे लक्ष नसेल अशा समजुतीने. तुम्ही हात धरून मला तिथे नेलेत आणि चारचौघांत म्हणालात, "दुसऱ्याच्या दारात लोटली म्हणजे घाण जात नाही. झाडणाऱ्यानं घाण कुठवर गेली थे पाहिलं पाहिजे." तेवढेच. तो कचरा मला घमेल्यात भरून गावाबाहेरच्या खड्ड्यापर्यंत न्यावा लागला, आणि तुम्ही माझ्यासोबत चालत आलात. तुमचे ते वाक्य मी मंडळाच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात भाषणात वापरत आलो आहे. त्यावर टाळ्या येतात. त्याचा अर्थ आपल्याला कळला आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

बी.कॉम.साठी मी नागपूरला निघालो तेव्हा तुम्ही मला एक नेलकटर दिलेत. "हापिसात माणसं पहिले हात पाहतात," म्हणालात. ते खरे निघाले. वसतिगृहातल्या मुलांनी माझ्या नखांखालच्या काळ्या रेघा पाहिल्या आणि मला खदानवाला हे नाव पडले. मी नखे इतकी आत कापायचो की बोटांतून रक्त यायचे. कोणी गाव विचारले तर तालुक्याचे नाव सांगायचो. म्हणजे लाज हा प्रकार मला नवा नाही. परंतु ती लाज दुसऱ्यांनी दिलेली होती. ती कापून काढता येत असे.

खदान तुमच्या डोळ्यांदेखत बंद पडली. कामगार पांगले. कोणी वाडीच्या गोदामांत हमाली धरली, कोणाची मुले पुढे नागपूरच्या मिहान उद्योगनगरीत पहारेकरी झाली. गावाला उरल्या त्या टेकड्या आणि पाण्याने भरलेला खोल खड्डा. तुमच्यानंतर हळूहळू विहिरीच्या पाण्याचा रंग बदलला. हंड्यात पाणी ठेवले की तळाशी काळपट साका बसू लागला, पांढऱ्या कपड्यांवर डाग उठू लागले. आपल्या शाळेचा नळ त्याच विहिरीवर आहे. गेल्या वर्षी, पाणी वापरू नये म्हणून, त्या नळावर तपासणीवाल्यांनी लाल फुली मारली. पुढे या पट्ट्यातल्या बंद खदानींची सफाई सरकारने हाती घेतली आणि आपल्या गावाचे काम एका तरुण अभियंता मॅडमकडे आले. तिशीच्या असतील. डोक्यावर टोपी, पायात जाड बूट, आणि गावातल्या प्रत्येक पुरुषाला काका म्हणायची सवय. त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात सभा बोलावली आणि मंडळाचा सचिव म्हणून मलाही निरोप आला.

मॅडमची अडचण साधी होती. टेकड्या सगळ्यांना दिसतात. पण इतक्या वर्षांत लोकांनी तिथला माल उचलून कुठे कुठे पसरला ते दिसत नाही, कारण त्यावर माती, मुरूम, सिमेंट चढले आहे. सगळे गाव खोलवर खणून पाहणे शक्य नाही. "म्हणून तुम्हालाच विचारते," त्या म्हणाल्या. "खदानीचा भराव कुठे आहे तेवढं सांगा. ज्या जागा आत्ता कळतील त्या पावसाळ्याच्या आधी साफ होतील. बाकीच्यांचं काम कधी निघेल, मी सांगू शकत नाही. हा चुरा उघडा पडला, सुकला की उडतो, मुलांच्या श्वासात जातो, पाण्यात उतरतो. मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त बाधतो. त्यांच्या डोक्यावर परिणाम होतो, हातांच्या पकडीवर होतो."

सभेत कोणी बोलेना. प्रत्येकाच्या अंगणाखाली तो होता आणि अंगण खणून घ्यायची कोणाला हौस नव्हती. शिवाय मॅडमच्या पाठीमागे, मुख्याध्यापकांच्या खोलीच्या उघड्या दारातून, हार घातलेला तुमचा फोटो दिसत होता. आणि आमच्या मंडळाने याच मैदानात तुमच्या नावाचा रंगमंच बांधायचे ठरवले होते. पायाभरणी पुढच्याच शनिवारी होती. मॅडमची नजर सभेवरून फिरत माझ्यावर येऊन थांबली. इस्त्रीच्या कपड्यांत मी एकटाच होतो. "काका, तुम्ही याच शाळेचे ना? या मैदानाखाली भराव आहे का?"

मी म्हणालो, "शाळेच्या दप्तरात तसा कुठेही उल्लेख नाही."

हे वाक्य, गुरुजी, शब्दशः खरे आहे. मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी जुने दप्तर चाळले होते. त्यात श्रमदानाचा उल्लेख आहे. काय पसरले त्याचा नाही. मॅडमनी मान डोलावली, "धन्यवाद काका," म्हणाल्या, आणि पुढच्या जागेकडे वळल्या. मी बोललो म्हटल्यावर इतरांनाही तोंड उघडण्याची गरज उरली नाही.

बाहेर पडताना माझा वर्गमित्र माझ्या बरोबरीने चालू लागला. तुम्हाला तो आठवेल. रविवारी पहिली बंडी त्याच्या बापाची यायची. आता त्याचा ट्रॅक्टर आहे, खोदाईचे यंत्र आहे.

"काहून गा," तो म्हणाला, "बी.कॉम. केलं की आठवण जाते काय माणसाची?"

"दप्तरात नाही, एवढंच मी सांगितलं. त्यात खोटं काय आहे?"

"हाव ना. माह्या बापाचं नावही नाही दप्तरात. म्हणजे थो नव्हताच." तो स्वतःच हसला. "मैदानाचं विचारलं तिनं. दप्तराचं कोण विचारून राहिलं तुले?"

"मग तू का नाही बोललास?"

"मी? इस्त्रीवाला माणूस नाही म्हणते, अन् मी ट्रॅक्टरवाला हो म्हणू?" थोडे अंतर गेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "अन् गुरुजीचं नाव कोण खराब करते, बाप्पा."

त्याचे हे शेवटचे वाक्य मी नागपूरला येईपर्यंत मनात घोळवत राहिलो. त्याने मला कारण दिले होते. माझ्या गप्प बसण्याला आता तुमचे नाव होते, आणि ते नाव इतके स्वच्छ होते की त्याखाली काय झाकले आहे हे पाहण्याचे मला कारण उरले नाही.

पायाभरणीच्या शनिवारी सकाळची शाळा नुकतीच सुटली होती. मुले घरी जायला तयार नव्हती. वर्गमित्राच्या यंत्राने पहिला खड्डा घेतला. वर तांबडा मुरूम निघाला, जो ग्रामपंचायतीने काही वर्षांपूर्वी पसरला होता, आणि त्याखाली वीतभर जाडीचा तो थर. ओलसर, घट्ट, अगदी तसाच निळसर. वर्गमित्राने यंत्र थांबवले, खाली उतरला, चिमूटभर हातात घेऊन माझ्यापुढे धरला. "घ्या सचिव साहेब. दप्तर सापडलं."

मिस्त्री म्हणाला, "त्यात काय? चांगला कडक बेस हाय. वरतून कांक्रीट टाकून देऊ, कायमचं बंद." मिक्सर फिरत होता. पाहुणे यायला तासभर होता. वर्गमित्र माझ्याकडे पाहत होता आणि या वेळी हसत नव्हता. मी म्हणालो, "टाका." हा शब्द मी कोणाच्याही दबावाखाली उच्चारला नाही, हे इथे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे.

मिस्त्री मिक्सरकडे वळला. इतक्यात खड्ड्यातून काढलेल्या ढिगाकडून सहावी-सातवीतली एक मुलगी आली आणि माझ्यापुढे ताठ उभी राहिली. तिने चुऱ्यात बोट बुडवून ओठांवर जाड मिशी काढली होती, टोकांना खाली वळलेली, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले होते.

"ओळखा, मी कोण?"

"कोण?"

"फोटोतले गुरुजी!" मग घसा खाकरून, जाड आवाजात, "चला रे पोट्टेहो, नखं दाखवा!"

तुम्ही गेलात त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली मुलगी. तुमचे बोलणे तिच्यापर्यंत बहुधा माझ्याच एखाद्या भाषणातून पोचले असेल. तिच्या मागे आणखी चार-पाच गुरुजी उभे होते. कोणाची मिशी कानापर्यंत गेली होती, एकाच्या दातांवरही काळे होते आणि तो ते दाखवून सगळ्यांना हसवत होता. मी ओरडलो, "धुवा! आधी हात धुवा, तोंड धुवा!" मुले दचकून नळाकडे पळाली. नळावर लाल फुली होती. मुले तिथेच थांबली आणि पुढे काय करायचे ते विचारावे तशी माझ्याकडे पाहू लागली. तुमच्या शाळेत मुलांनी हात धुवावेत असे पाणी नव्हते.

वर्गमित्राने ट्रॅक्टरवरचा पिण्याच्या पाण्याचा कॅन उतरवला आणि एकेकाला पुढे घेऊन आपल्या दुपट्ट्याने तोंडे पुसायला लागला. "थूक, बेटा. अजून थूक. गिळू नको." माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "लाव ना फोन. आता काय मुहूर्त पाहून राहिला?"

मी मिक्सर बंद करायला लावला आणि मॅडमना फोन केला. त्यांनी मला एकही टोचणारा प्रश्न विचारला नाही. चार दिवसांनी पुन्हा सभा ठेवली.

पत्र इथे संपले असते तर मला ते तुम्हाला लिहिताना इतकी अडचण झाली नसती. चूक झाली, लेकरांनी डोळे उघडले, चूक सुधारली. हे मी पुढच्या स्नेहसंमेलनात सांगूही शकलो असतो. पण ती दुसरी सभा राहिली आहे.

ताई आल्या होत्या. काकूंच्या मागे त्या तुमच्याच घरात राहतात, अंगणवाडीतून निवृत्त झाल्या आहेत. बायकांच्या बाजूला, पुढे, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसल्या होत्या. मी नकाशा काढून नेला होता : मैदान, विहिरीची गल्ली, समाजमंदिर, प्रत्येक जागी थराची अंदाजे जाडी. मॅडम म्हणाल्या, "काका, फक्त कुठे आहे ते दाखवा." मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हा भराव त्या काळी आमच्या गुरुजींनी टाकून घेतला. खदानीच्या साहेबांकडे त्यांनीच मागितला. त्यांच्या सांगण्यावरून गावाने तो पसरला." त्यानंतर मी जागा दाखवल्या.

एकच गलका झाला. मागून कोणी ओरडले, "आता गुरुजीले गुन्हेगार करता का? त्यायच्यामुळे आमचे पाय चिखलातून निंघाले!" दुसरा म्हणाला, "त्यायले काय सपन पडलं होतं का, पुढं काय होणार हाय म्हणून?" मॅडम गोंधळून उभ्या राहिल्या. "अहो, थांबा. कोणी टाकला हे मला लिहायचंच नाहीये. तेव्हा सगळ्याच खाणींच्या गावांत असं झालंय, चांगल्या हेतूनंच झालंय. मला फक्त जागा हवी आहे." मग एक म्हातारे गृहस्थ भिंतीला धरून उठले. "माह्या आंगणात हाय," ते म्हणाले. "आमी टाकला. लिवा." त्यांच्या मागून एक बाई, "आमच्याही हाय. गोठ्याजवळ. आमीच टाकला." एकेक अंगण असे उभे राहिले. मी ऐकत होतो. त्यांपैकी एकानेही तुमचे नाव घेतले नाही. तुमच्या सांगण्यावरून ज्यांनी बंड्या जुंपल्या होत्या ती माणसे, किंवा त्यांची मुले, सगळी म्हणत होती : आम्ही.

सभा संपल्यावर ताई व्हरांड्याच्या पायऱ्या उतरत होत्या, तेव्हा मी आडवा गेलो. त्या रागावतील अशी माझी अपेक्षा होती आणि मी उत्तराची तयारी केली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "जागा विचारली होती, भाऊ. माणूस नव्हता विचारला." आणि माझ्या बाजूने वळसा घालून गेल्या.

पहिल्या वेळी मला मैदानाबद्दल विचारले होते आणि मी दप्तराबद्दल सांगितले. दुसऱ्या वेळी जागा विचारली आणि मी माणूस सांगितला. दोन्ही वेळा माझे शब्द खरे होते. तुमचे नाव जपण्यासाठी मी गप्प राहिलो असेन, तर बोलायची वेळ आल्यावर तेच नाव सगळ्यांत आधी कसे पुढे केले? मी त्या क्षणी काय अनुभवले ते आठवून पाहिले आहे. तुमचे नाव तोंडातून बाहेर पडले तेव्हा मला हलके वाटले. सभेच्या सगळ्या नजरा क्षणभर माझ्यावरून उठून खोलीतल्या फोटोकडे गेल्या होत्या.

आणि याच आठवड्यात घडलेली एक गोष्ट. खोदकाम सुरू झाले त्या दिवशी मी रजा घेऊन गेलो होतो. मॅडम उघड्या पडलेल्या थराच्या कडेने चालत होत्या. हातातल्या यंत्राने उंची मोजत होत्या. "काका, हे बघा," त्या कौतुकाने म्हणाल्या, "उतार काय सुंदर काढलाय कोणीतरी. इतका एकसारखा आहे, की पावसाचं सगळं पाणी थरातून झिरपत सरळ विहिरीकडेच गेलं. तेव्हा ना यंत्र, ना काही. कोणी काढला असेल हो?"

या वेळी मॅडमनी माणूस विचारला होता. मी म्हणालो, "जुन्या लोकांनी."

शुक्रवारी मी एका ट्रकच्या मागे गेलो. तो टेकड्यांना वळसा घालून जुन्या खदानीच्या आवारात जातो. तिथे एका कोरड्या बाजूला मोठा खड्डा घेतला आहे, तळाशी चिकणमाती दाबून वर जाड अस्तर घातले आहे. त्यात तो चुरा थर देऊन भरतात आणि शेवटी वरून बंद करणार आहेत. मी तिथे बराच वेळ उभा होतो. घाण कुठवर गेली ते पाहिले. ट्रकचालकाने विचारले, "साहेब, तुमचं काही पडलं का त्यात?" मी नाही म्हणालो.

रंगमंचाचे काम मंडळाने पुढे ढकलले आहे. सचिवपद मी सोडलेले नाही. तसे पत्र लिहायला घेतले की कारण काय द्यावे इथे अडते. कार्यालयात सगळे व्यवस्थित चालू आहे.

हे पत्र पोस्टात पडणार नाही हे उघड आहे. एक गोष्ट मात्र मान्य करून थांबतो. उतार कोणी काढला हे ऐकून घेण्याचा पहिला हक्क ताईंचा आहे. त्या तुमच्याच घरात आहेत, नागपूरहून तासाभराच्या वाटेवर, आणि दुपारी बहुतेक एकट्याच असतात. तुम्हाला लिहायला बसलो, कारण तुम्ही उलट काही बोलणार नाही.

आपला विद्यार्थी

नागपूर
९ मार्च